मीर सुलतान खान: हरल्यावर शिकायला बसलेला बादशाह

अमरावती-अकोल्याकडे बुद्धिबळ काही नवीन नाही. घरच्या ओट्यावर, चहाच्या टपरीमागे, शाळेच्या मधल्या सुट्टीत पट मांडलेला दिसतोच. 2025 मध्ये शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि पोरांना आणखीच हुरूप आला. पण बहुतेक मुलांचं गाडं एका जागी येऊन अडतं. मोहल्ल्यात सगळ्यांना हरवणारा मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत मात खातो. घरी येऊन म्हणतो, ते लोक वेगळेच आहेत, त्यांच्यात उपजतच काहीतरी असतं. आई-वडीलही मान डोलावतात आणि पट कपाटावर जातो.

अशा घरांत मीर सुलतान खान यांची गोष्ट सांगायला हवी. त्यांचं नाव निघालं की लोक चमत्काराचीच गोष्ट सांगतात: एक गरीब, अडाणी नोकर विलायतेला गेला आणि साहेबांना हरवून आला. ऐकायला छान वाटतं, पण खरी गोष्ट याहून वेगळी आणि जास्त कामाची आहे.

पीर घराण्यातला मुलगा

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पंजाबातल्या मिठा टिवाणा इथला. हे गाव आज पाकिस्तानच्या खुशाब जिल्ह्यात आहे. वालिद मियाँ निजामुद्दीन हे आवान जमातीतल्या पीर घराण्यातले आणि स्वतः शतरंजचे चांगले खेळाडू. मुलाला नवव्या वर्षी त्यांनीच खेळ शिकवला.

शतरंजबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद जुना आहे. हनफी फिकहमध्ये हा खेळ नापसंत मानला जातो. शाफई इमामांनी पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर काहीशी सवलत दिली आहे. पैज नको आणि नमाज चुकायला नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ज्यांच्या घरी हा प्रश्न पडतो त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावं. इथे एवढंच सांगायचं की या मुलाला हा खेळ एका दीनदार घरातच, वडिलांकडून मिळाला.

एकविसाव्या वर्षापर्यंत पंजाबात त्यांच्या तोडीचा खेळाडू उरला नव्हता. पण ते खेळत होते तो आपला देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची चाल मिळते. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं हवं ते मोहरं होत नाही, ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं. प्रांताप्रांतात नियम थोडे बदलायचे, पण डाव सगळीकडे संथ चालायचा आणि घाई करणारा फसायचा.

पहिलं शिकणं: जुनी सवय सोडणं

सरगोध्याच्या भागातले मोठे जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांना शतरंजचा भारी शौक. त्यांनी सुलतान खान यांना आपल्या पदरी ठेवलं, राहण्या-जेवणाची सोय केली, वर तनखाही दिला. तिथे 1926 च्या सुमारास त्यांना विलायती नियम शिकवायला सुरुवात झाली.

ज्याला आपण फक्त नियम बदलणं म्हणतो ते प्रत्यक्षात किती अवघड असतं, हे खेळणाऱ्यालाच कळतं. प्यादं दोन घरं उडी मारू लागलं की पहिल्या चार-पाच खेळींतच पट मोकळा होतो आणि लढाई लगेच सुरू होते. बारा-पंधरा वर्षांची सवय मोडून डोळ्यांना नव्याने बघायला शिकवावं लागतं. जो स्वतःला प्रांतात अव्वल समजतो त्याला हे आणखी जड जातं. सुलतान खान यांनी ते केलं. 1928 मध्ये दिल्लीला झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून ते पहिले आले.

लंडनमध्ये शेवटचा नंबर

सर उमर लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर होते. 1929 च्या एप्रिलमध्ये ते सुलतान खान यांना सोबत घेऊन गेले. तिथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. भारताचा अजिंक्यवीर आता काय करतो, हे सगळे बघत होते. निकाल असा लागला की सुलतान खान एका खेळाडूबरोबर शेवटच्या स्थानावर आले.

आपली पोरं इथेच पट गुंडाळतात. सुलतान खान यांनी पुढचे काही आठवडे काय केलं, ते म्हणूनच नीट पाहायला हवं. त्या स्पर्धेत विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे इंग्लंडचे दोन आघाडीचे खेळाडू त्यांच्या पुढे होते. त्यांच्याच समोर सुलतान खान शागिर्द म्हणून बसले. उणीव कुठे आहे ते उघड होतं: डावाची सुरुवात. युरोपातल्या खेळाडूंकडे शंभर वर्षांची पुस्तकं होती. पहिल्या दहा-बारा खेळी त्यांच्या तोंडपाठ असत. सुलतान खान यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण डावाच्या मध्यात मोहऱ्यांची जागा ओळखणं आणि पट रिकामा होत आल्यावर राजा-प्याद्यांनी हळूहळू दाबत नेणं, यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. म्हणून सगळं नव्याने शिकण्याची गरजच नव्हती. पहिल्या दहा-बारा खेळींत बुडायचं नाही आणि तिथून पुढे आपल्या ताकदीचा डाव खेळायचा, एवढं जमलं की पुरे होतं.

त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सुलतान खान ती जिंकले. शेवटच्या स्थानापासून पहिल्या स्थानापर्यंत यायला त्यांना काही महिनेच लागले. लोकांना तो चमत्कार वाटला, पण त्यामागे बारा-पंधरा वर्षांचा पाया होता आणि हरल्यानंतर कमीपणा न मानता घेतलेली तालीम होती.

कापाब्लांका पटावर

पुढची चार वर्षं त्यांचीच होती. 1930 मध्ये बेल्जियमच्या लीएजला मोठमोठ्या खेळाडूंत ते दुसरे आले. त्या वर्षअखेरीस हेस्टिंग्जला त्यांची गाठ होजे राऊल कापाब्लांका यांच्याशी पडली. क्युबाचे कापाब्लांका 1921 ते 1927 जगज्जेते होते आणि त्यांना हरवणं जवळजवळ अशक्य समजलं जायचं. सुलतान खान यांनी त्यांचा वजीर कोंडला. बदल्यात कापाब्लांकांना दोन हत्ती मिळाले, पण पुढचा लांबलचक शेवट सुलतान खान यांनी घाई न करता खेळला आणि 65 खेळींत डाव जिंकला. देशी पटावर कमावलेला संयम विलायती पटावर असा कामी आला. त्या स्पर्धेत ते युवे आणि कापाब्लांका यांच्यामागे तिसरे आले.

जानेवारी 1931 मध्ये त्यांनी तार्ताकोवर यांना बारा डावांच्या सामन्यात हरवलं. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये ते ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर खेळले. 17 डावांत आठ विजय, सात बरोबरी, दोनच पराभव. फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरवलं आणि तेव्हाचे जगज्जेते आलेखिन यांच्याशी बरोबरी केली. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं.

हे सगळं सुखात चाललं होतं असं मात्र नाही. इंग्लंडची थंडी त्यांना कधीच मानवली नाही. हिवतापाने आणि घशाच्या आजाराने ते सतत बेजार असत, कधी गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून खेळत.

नोकर, अडाणी आणि खरं काय

अमेरिकेचे खेळाडू रुबेन फाईन यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. सर उमर यांच्याकडे जेवायला गेल्यावर खुद्द सुलतान खान यांनाच वाढताना पाहून त्यांना अवघडल्यासारखं झालं. त्यावरून नोकर हा शिक्का बसला. ते निरक्षर होते असंही लिहिलं गेलं. अलीकडे घरच्या मंडळींनी त्यांची बाजू मांडली. ते जमीन असलेल्या पीर घराण्यातले होते, त्यांना वाचता येत होतं, बुद्धिबळाची मासिकं ते वाचत असत, असं त्यांचं सांगणं.

हा फरक मला मोठा वाटतो. अडाणी माणसाला आपोआप जमलं म्हटलं की मेहनत पुसली जाते, आणि मुलांसाठी त्यातून घेण्यासारखं काहीच उरत नाही.

त्याच घरात फातिमा नावाची एक तरुण मुलगी होती. तीही तिथेच विलायती पद्धत शिकली. 1933 मध्ये हेस्टिंग्जला सुलतान खान यांनी अजिंक्यपद जिंकलं तेव्हाच फातिमा महिलांची ब्रिटिश विजेती झाली. एका घरातल्या दोघांनी एकाच मोसमात दोन्ही किताब घेतले. आपल्या मुलींना फातिमाचं नाव ठाऊक नसतं, ते सांगायला हवं.

परत गावी

1933 च्या डिसेंबरात सर उमर सगळ्यांना घेऊन भारतात परतले. 1935 मध्ये सुलतान खान यांचा सामना त्या काळचे नामवंत मराठी खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी झाला. दहा डावांपैकी खाडिलकरांना एकच बरोबरीत सोडवता आला, बाकी सगळे सुलतान खान यांनी जिंकले. म्हणजे खेळ जरासुद्धा उतरला नव्हता. पण त्यानंतर जगाच्या पटावर ते दिसले नाहीत. तिकडे जायला पैसा, आश्रय आणि संस्था लागते. आश्रयदात्याचं लंडनचं काम संपलं आणि खेळाडूचंही संपलं.

1944 मध्ये सर उमर यांचा इंतकाल झाला. फाळणीनंतर सुलतान खान पाकिस्तानात राहिले, शेतीवाडी पाहिली, संसार केला. आपल्या मुलांना मात्र त्यांनी हा खेळ शिकवला नाही. काहीतरी जास्त उपयोगाचं करा, असं ते सांगत, अशी त्यांच्या मुलाची आठवण आहे. 1950 मध्ये जागतिक संघटना फिडेने पहिले ग्रँडमास्टर जाहीर केले. त्या यादीत तार्ताकोवर होते, कधीच खेळ सोडलेले रुबिनस्टाइनही होते. दोघांनाही हरवणारे सुलतान खान नव्हते. 25 एप्रिल 1966 रोजी सरगोध्यात क्षयाने त्यांचा इंतकाल झाला. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते 2024 मध्ये, इंतकालानंतर जवळजवळ 58 वर्षांनी.

आपल्यासाठी

जगातल्या पहिल्या दहांत बसणारा माणूस आपल्या मुलांना या खेळापासून दूर ठेवतो, हे ऐकून वाईट वाटतं. पण बाप म्हणून त्यांचं म्हणणं समजतं. त्यांच्या वेळी या खेळात पोट भरण्याची सोय नव्हती, दुसऱ्याच्या मर्जीवर सगळं होतं. आज तसं नाही. शालेय स्पर्धा आहेत, मोबाईलवर जगभरचे डाव फुकट बघता येतात, मार्गदर्शकही मिळतात. तरीही अभ्यास आधी, खेळ नंतर, हे मी पालकांना सांगतेच.

पण ज्या मुलाला गोडी आहे त्याला एवढं तरी सांगा. जिल्ह्याला हरलास ना? मग तो डाव लिहून आण. कुठे बुडालास ते शोध: सुरुवातीला, मध्यात की शेवटी? सगळं एकदम नको, तेवढंच दुरुस्त कर. आणि ज्याने हरवलं त्याला सलाम करून विचार, भाऊ, मी काय चुकलो? सुलतान खान लंडनमध्ये शेवटचे आले तेव्हा त्यांनी हेच केलं होतं.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो.