नोलेचा बुडबुडा आणि घरातले आरओ

यवतमाळात घरी प्रवाळांची टाकी ठेवायची, तर समुद्राचे पाणी घरीच बनवावे लागते. आधी बोअरच्या पाण्यातले क्षार काढायचे, मग त्यात समुद्री मीठ मोजून मिसळायचे. क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचे मूळ मात्र एका फ्रेंच धर्मगुरूच्या अनपेक्षित निरीक्षणात सापडते.

ज्याँ-आंत्वान नोले यांचा जन्म १७०० साली उत्तर फ्रान्समधल्या गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण धर्मशास्त्राचे, ओढा मात्र उपकरणांकडे. द्युफे आणि रेओम्युर या शास्त्रज्ञांच्या हाताखाली ते तयार झाले. १७४६ मध्ये त्यांनी राजासमोर १८० सैनिकांना हातात हात धरून उभे केले आणि त्यांच्यातून विजेचा धक्का सोडला. सारे एकदम उडाले! दरबार खूश झाला.

१७४८ मध्ये ते द्रव उकळण्याचा अभ्यास करत होते. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पडदा फुगलेला दिसला. टाचणी टोचताच द्रव कारंज्यासारखा उडाला. पडद्याने पाणी आत घेतले होते, मद्यार्काला मात्र सहज बाहेर पडू दिले नव्हते. यालाच पुढे ऑस्मोसिस म्हटले गेले. खारट बाजूने जोराचा दाब दिला की पाणी उलट वाहते आणि क्षार मागे राहतात, हेच आरओ. त्यासाठी उपयोगी पडेल असा कृत्रिम पडदा कॅलिफोर्नियात लोब आणि सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास बनवला. आज डायलिसिसचे पाणीही याच मार्गाने शुद्ध होते.

डॉक्टरांना नोले आवडावेत ते दुसऱ्याच कारणासाठी. इटलीत काही जण सांगत, की काचेच्या बंद नळीत औषध ठेवून ती विजेने भारली की रुग्णाला गुण येतो. १७४९ मध्ये नोले स्वतः तिकडे गेले, प्रयोग डोळ्यांसमोर करायला लावले आणि दावे फोल ठरवून परतले. त्यांनी स्वतः पक्षाघाताच्या रुग्णांना वीज देऊन पाहिली होती. तिचाही फारसा गुण आला नव्हता. पुढे ते पॅरिसमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १७७० मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रवाळांच्या टाकीसाठी यंत्र घेताना गाळाची जाळी, क्लोरीन अडवणारा कार्बन, पडदा आणि शेवटी उरलेसुरले क्षार टिपणारे रेझिन, एवढे हवे. कार्बन संपला की क्लोरीन पडदा खराब करतो. टीडीएस मीटरने शून्य दाखवायला हवे. पिण्याच्या यंत्रात खनिजे पुन्हा मिसळणारी नळी असते. ते पाणी इथे चालत नाही. उलट, टाकीसाठी काढलेले शून्य टीडीएसचे पाणी रोज पिऊ नये.

पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या पाण्यात फ्लोराइड आढळते आणि टीडीएस मीटर ते वेगळे दाखवत नाही. त्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी लागते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा. दुसरा स्रोत नसेल तर १.५.