अननसाच्या वासापासून गाडीच्या धुरापर्यंत

पिकलेल्या केळीचा वास सावद्याच्या माणसाला सांगावा लागत नाही. तो मुख्यतः एस्टर नावाच्या संयुगांचा. अननसाच्या वासातली अशीच द्रव्ये शोधणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट पुढे गाड्यांच्या धुराकडे वळले.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे १९०० साली त्यांचा जन्म झाला. मानवी मूत्रातून वनस्पतींचे वाढसंप्रेरक वेगळे करणाऱ्या चमूत ते होते. १९३७ मध्ये ते कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत आले. पुढे लॉस एंजेलिसवर धुरके दाटू लागले, डोळे चुरचुरत, भाजीपाल्याची पाने करपत. १९४८ च्या सुमारास त्यांनी ती हवा अतिथंड नळ्यांतून ओढली. हाती आले उग्र दर्पाचे काही तपकिरी थेंब.

त्यातून उलगडा झाला. पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. तो श्वासनलिकांना दाह करतो, दमा बळावतो. (खानदेशात उन्हाची तर कमतरता नाहीच.) तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी हे चूक ठरवले. हागन-स्मिट चिडले आणि अननस बाजूला ठेवून पुन्हा धुराच्या मागे लागले. वाकवलेल्या रबराला किती वेळात भेगा पडतात, यावरून ते ओझोन मोजत.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्या काळात तिथे जुन्या गाड्यांवरही बंधने आली. एक उपाय ठिणगीच्या वेळेचा होता. ठिणगी फार आधी पडली तर सिलिंडर जास्त तापतो, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. थोडी उशिरा पडली तर ते घटतात, उरलेले इंधनही गरम धुरात जळते. मात्र अॅव्हरेज पडते, इंजिन तापते. आपल्याकडे जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर पीयूसीला नेण्याआधी मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावतो, ते हेच. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर दोष बहुधा कार्बोरेटरचा; टायमिंगने तो फारसा जात नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत, ही खरी उणीव.

१९७३ पर्यंत ते त्या पदावर होते. १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.