मंडालेचा स्थितप्रज्ञ

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी ही गीताजयंती. आज घरोघरी अठरा अध्यायांचे पारायण होईल. अशा पुण्यदिवशी, कारागृहात बसून ज्यांनी गीतेचे रहस्य उलगडले त्या लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे स्मरण ओघानेच होते. रत्नागिरीकरांना तर ते विशेषच व्हावे. कारण येथील टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला.

लोकमान्यांचे धैर्य उपजतच होते, असा सर्वसाधारण समज आहे. स्वभाव मूळचा करारी, हे खरेच. परंतु आघात सोसण्याचे बळ त्यांनी नित्याच्या सवयींतून कमाविले होते. मातोश्री पार्वतीबाई ते दहा वर्षांचे असतानाच निवर्तल्या. १८७२ साली वडील गंगाधरपंत अखेरच्या आजाराने अंथरुणास खिळले, तेव्हा सोळा वर्षांच्या बाळने त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ ही प्राकृत टीका वाचून दाखविली. गीतेची पहिली ओळख झाली ती अशी, पित्याच्या मृत्युशय्येपाशी. पुढे डेक्कन महाविद्यालयात, आपली प्रकृती किरकोळ आहे हे ओळखून पहिले वर्ष त्यांनी तालीम व पोहणे यांस वाहिले. अभ्यास मागे पडला, पण शरीर जन्मभर कामास आले. १९०३ साली ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ प्लेगने गेला. तो घावही त्यांनी कार्यात खंड न पाडता सोसला.

खरी कसोटी पुढेच होती. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली. दैवगती अशी की, त्याच मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता!

वय बावन्न, सोबतीला मधुमेह, लाकडी फळ्यांची खोली आणि आप्त शेकडो कोस दूर. मात्र जे आपल्या हाती नाही त्याचा घोर करीत न बसता, हाती होते तेवढे त्यांनी सांभाळले. अन्नाचे पथ्य कडक ठेविले. स्नान, ध्यान, वाचन, लेखन अशी दिवसाची आखणी केली. पुण्याहून ग्रंथ मागविले. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. शके १८३२ च्या कार्तिकापासून फाल्गुनाअखेरपर्यंत, अवघ्या पाच महिन्यांत, पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढिले.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. वार्ता तारेने कळली. अंतकाळी आपण जवळ नव्हतो, हे शल्य त्यांना बोचत राहिले. स्थितप्रज्ञ म्हणजे पाषाण नव्हे. दुःख त्यालाही होते, मात्र ते त्याला कर्तव्यापासून ढळवीत नाही. भाच्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक लपविला नाही. पण मुलांच्या अभ्यासात खंड पडू नये, अशी काळजीही वाहिली. आपणही लहान वयातच पोरके झालो होतो, याचे स्मरण त्यांना तेव्हा झाले.

१९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भाविकहो, धैर्य संकटसमयी शोधू जाता सापडत नाही. ते सुखाच्या दिवसांत थोडे थोडे साठवावे लागते. पित्याच्या उशाशी वाचलेली गीता लोकमान्यांना अडतीस वर्षांनी मंडालेत उपयोगी पडली. आजचे पारायण उद्याही एका अध्यायाने पुढे चालावे. तीच त्या कर्मयोग्यास खरी पुष्पांजली होय.