व्हॉलीबॉलचे शिक्षक एल्वूड ब्राऊन

मंडळीचे शिबिर असो वा तरुणांचा मेळावा, ऊन कलले की दोन खांबांना जाळी बांधली जाते आणि व्हॉलीबॉल सुरू होतो. या खेळाला आशियात आंतरराष्ट्रीय सामन्यांपर्यंत कोणी नेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून एल्वूड ब्राऊन यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ब्राऊन यांचा जन्म १८८३ साली अमेरिकेत झाला. १९०५-०६ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे शिक्षक होते. पुढे वाय.एम.सी.ए.च्या सेवेत शिरून १९१० साली ते मनिलास गेले. फिलिपाइन्सवर तेव्हा अमेरिकेची सत्ता होती. ब्राऊन यांची नेमणूक अमेरिकन व युरोपियन लोकांच्या शाखेवर होती. तेवढ्यांचीच व्यायामशाळा त्यांनी नीट चालवली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण खेळ हा मूठभरांसाठी नव्हे, सर्वांसाठी आहे, अशी त्यांची खात्री होती.

व्हॉलीबॉल या कामी फार सोयीचा ठरला. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली होल्योकच्या वाय.एम.सी.ए.मध्ये तो मोठ्या वयाच्या, धक्काबुक्की न सोसणाऱ्या लोकांसाठी काढला होता. त्याला थोडी जागा व एक चेंडू पुरे होई, आणि कितीही जण खेळू शकत. ब्राऊन यांनी तो फिलिपिनो लोकांत रुजवला.

१९१३ साली मनिलात चीन, जपान व फिलिपाइन्स यांच्यात अतिपूर्वेकडील देशांच्या पहिल्या क्रीडास्पर्धा भरल्या. त्यामागे ब्राऊन यांचेच परिश्रम होते. तेथे व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला सोळा खेळाडू उभे राहिले आणि फिलिपाइन्सने चीनला हरवले. दोन वर्षांनी शांघायला चीन जिंकला.

आम्हांला विशेष वाटते ते पुढेच. मूळ नियमांत चेंडू आपल्या बाजूला कितीही वेळा मारण्याची मुभा होती. तीनच स्पर्शांत तो पलीकडे धाडण्याचा नियम फिलिपाइन्समध्ये पडला. एकाने चेंडू उंच द्यायचा व दुसऱ्याने उडी घेऊन तो खाली हाणायचा, ही रीतही फिलिपिनो खेळाडूंनीच पुढे आणली. आज जगभर खेळतात तो खेळ असा शिष्यांच्या हातून घडला.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, पॅरिसजवळ दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचे सामने भरले, तेही ब्राऊन यांच्याच सूचनेवरून. १९२४ साली अवघ्या ४० व्या वर्षी त्यांना मरण आले.

खेळाने राष्ट्रांचे वैर मिटले, असे मात्र झाले नाही. मांचुक्वोला प्रवेश देण्याच्या वादात १९३४ नंतर त्या स्पर्धा मोडल्या. तरी लावलेले रोप वाया गेले नाही. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धांत व्हॉलीबॉल प्रथम आला. तेथे भारताच्या पुरुष संघाने तिसरा क्रमांक मिळवला व १९६२ साली जकार्तात दुसरा.

शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो, आपण दिलेला धडा मुलांनी जसाच्या तसा म्हणून दाखवला की आपण संतोष मानतो. ब्राऊन यांच्या शिष्यांनी धड्यात भर घातली, आणि ब्राऊन यांनी त्यांचा हात धरला नाही. आपल्या वर्गातील एखादे मूल आपल्या पुढे जाऊ लागले, तर आपणही वाट सोडून देऊ या.