धर्मशाळा बांधणाऱ्या राणीच्या वाड्यात

मध्य प्रदेशात नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वरचा किल्ला उभा आहे. किल्ल्यातील होळकरांच्या जुन्या निवासी वास्तूंची निगुतीने डागडुजी करून २००० साली तेथे 'अहिल्या फोर्ट' हे हॉटेल सुरू झाले. इंदूर संस्थानचे अखेरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी ते उभारले. दगडी चौक, लाकडी खांब आणि खाली संथ वाहणारी नर्मदा यांच्या सान्निध्यात एक रात्र काढण्यासाठी देशोदेशीचे पाहुणे घसघशीत रक्कम मोजतात. मात्र ज्यांच्या नावाने हे हॉटेल ओळखले जाते, त्या अहिल्याबाईंनी आयुष्यभर वाटसरूंसाठी निवारे बांधले आणि त्यांचे मोल कुणाकडून घेतले नाही.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांनी या मुलीची पारख केली आणि आपले पुत्र खंडेराव यांच्यासाठी तिला सून म्हणून आणले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनीच परावृत्त केले. मल्हारराव मोहिमांवर असत तेव्हा रसद, वसुली आणि तोफखाना यांची व्यवस्था अहिल्याबाई पाहत. राज्यकारभाराचे शिक्षण त्यांना असे घरातच मिळाले.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव यांचे निधन झाले. दौलत बिनवारस झाली, असे मानून राघोबादादा माळव्यावर चालून आले. अहिल्याबाईंनी सैन्य सज्ज केले आणि स्त्रीशी लढण्यात जिंकूनही कीर्ती नाही, याची जाणीव दादांना करून दिली. दादांनी सांत्वनासाठी आल्याचे निमित्त सांगून पाऊल मागे घेतले. पेशव्यांच्या संमतीने कारभार अहिल्याबाईंकडे आला. फौजेची धुरा त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपवली आणि स्वतः महेश्वरी राहून सुमारे २८ वर्षे राज्य केले.

महेश्वरचा वाडा राजधानीचा असला तरी त्यात डामडौल नव्हता. बसण्यासाठी साधी गादी, अंगावर पांढरे वस्त्र आणि समोर गाऱ्हाणे घेऊन आलेली रयत, असा तेथील दिनक्रम होता. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याच्या प्रथेला त्यांनी थारा दिला नाही. बाहेरून विणकर आणून त्यांना महेश्वरात वसवले आणि त्यातून महेश्वरी साडीचा लौकिक वाढला.

खर्चाचा हात मोकळा सुटला तो वाड्याबाहेर. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद आणि वेरूळचे घृष्णेश्वर या देवस्थानांची मंदिरे त्यांनी नव्याने उभारली. घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा यांचे जाळे हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पसरले. यातील बहुतेक काम स्वतःच्या खासगी उत्पन्नातून झाले. यात्रेकरू कोणत्या संस्थानचा, हा प्रश्न त्या दारांवर विचारला जात नसे.

घरातले दुःख मात्र थांबले नाही. नातू नथ्याबा अकाली गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि एकुलती कन्या मुक्ताबाई नर्मदाकाठी सती गेली. मल्हाररावांनी सुनेला चितेपासून मागे वळवले होते. सुनेला आपल्या लेकीला वळवता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथेच अहिल्याबाईंनी देह ठेवला. पुढे १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव करणाऱ्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात त्यांच्याविषयी चौकशी केली, तेव्हा त्यालाही सर्वत्र आदरच ऐकू आला.

राजधानी १८१८ नंतर इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' संस्था स्थापून येथील हातमागांना पुन्हा उभारी दिली. त्यानंतर हॉटेल आले. धर्मशाळा बांधणाऱ्या राणीचे घर धनिकांच्या मुक्कामाचे ठिकाण व्हावे, हे अनेकांना खटकेल. पण जुन्या दगडी वास्तू भावनेवर टिकत नाहीत. त्यांना पैसा आणि रोजचा वावर लागतो, हेही तितकेच खरे.

कल्याणहून भुसावळमार्गे खांडव्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे रस्त्याने महेश्वर गाठता येते. हॉटेलचा दर न परवडणाऱ्यांनी खंत करण्याचे कारण नाही. अहिल्याबाईंची गादी आणि देवघर जवळच्या राजवाड्यात पाहता येते. पायऱ्या उतरून गेले की घाटावर परिक्रमावासी पथारी टाकून विसावलेले दिसतात. अहिल्याबाईंचे खरे पाहुणे तेच, आणि त्यांच्याकडून आजही कुणी भाडे मागत नाही.