आगरकरांची दोन बंडे

बंडखोर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सरकारशी झुंजणारा, हातात बेड्या पडलेला वीर उभा राहतो. गोपाळ गणेश आगरकर तुरुंगात जाऊन आले होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्यांचे चरित्र वाचून झाल्यावर तुरुंग हा त्यांच्या आयुष्यातला सोपा भाग होता, असे मला वाटू लागले आहे. माझे हे विधान आमच्या प्राध्यापकांना धाडसाचे वाटेल. वाटो.

१८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. मध्ये कारकुनी केली, कंपाउंडरचे काम केले. पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा, अशी त्यांची हकीकत सांगतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; त्यामुळे या सदऱ्याचे मला फारसे नवल वाटले नाही. मी अडले ती पुढच्या गोष्टीपाशी. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्राने कळवले, की मुलगा आता मोठ्या पगाराचा अधिकारी होईल ही आशा सोडून दे. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे. या पत्राचे कौतुक सगळेच करतात. पण मुलाच्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या त्या माउलीला काय वाटले असेल? माझे वडील दर महिन्याला खोलीभाड्याचे पैसे दोनदा मोजून माझ्या हातात ठेवतात, तेव्हा मनातल्या मनात ते माझ्या नोकरीचा हिशेब करीत असतात, हे मला ठाऊक आहे. असे पत्र लिहिण्याची हिंमत माझ्यात नाही.

१८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल तिथल्या दिवाणांवर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कडक लिहिले. आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी दहा हजारांचा जामीन दिला तो जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून दोघे सुटले, तेव्हा लोकांनी त्यांची मिरवणूक काढली.

पुढे त्याच आगरकरांची दुसरी मिरवणूक निघाली. ती प्रेताची होती.

आधी समाज सुधारावा की आधी राज्य मिळवावे, यावरून टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यात बालविवाहावर लिहिले, विधवांच्या केशवपनावर लिहिले, मुलामुलींना एकच शिक्षण एकाच वर्गात द्यावे म्हणून लिहिले, इतकेच काय, बायकांनी जाकिटे घालावीत म्हणूनही लिहिले! १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. नवऱ्याच्या जबरदस्तीने ती मेली होती. मग १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा आला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळकपक्षाचे म्हणणे पडले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. ज्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, त्याच सरकारचा कायदा त्यांनी मागितला. याला कोणी विसंगती म्हणेल. मला तसे वाटत नाही. दहा वर्षांच्या पोरीवर इंग्रजांचे राज्य नंतर. आधी नवऱ्याचे, सासूचे आणि भटजीच्या पंचांगाचे. त्या राज्याविरुद्ध ती अर्ज कोणाकडे करणार होती?

पुण्याच्या सनातनी मंडळींनी आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधून त्यांच्या जिवंतपणी त्यांची अंत्ययात्रा काढली. सरकारशी भांडणाऱ्याच्या पाठीशी गल्ली उभी राहते. गल्लीशी भांडणाऱ्याने कोणाकडे पाहावे? दूध घालणारा, शेजारी, सोयरे, सगळे त्याच गल्लीतले. आमच्या गावात नुसते लग्नाला नाही म्हटलेल्या मुलीकडे कसे पाहतात ते मला माहीत आहे. तिरडी तर दूरच राहिली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. स्वतः देव न मानणाऱ्या या गृहस्थाने पत्नी यशोदाबाईंवर आपली मते लादली नाहीत. त्यांची पूजाअर्चा, व्रते चालू राहिली. बाहेर सुधारक आणि घरात हुकूमशहा अशी माणसे पुष्कळ असतात. आगरकर त्यांतले नव्हते.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा जुनाच होता, तो बळावत गेला. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले. उशाशी एक पुडी निघाली, तीत अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते, असे सांगतात. ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.