कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहाची चूल आणि मूठभर धान्य

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरताना त्यांना खेड्यातली गरिबी जवळून दिसली.

१९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. सनावळ्या आपण मुलांकडून पाठ करून घेतोच. पण या वसतिगृहाचा खरा धडा स्वयंपाकघरात आहे.

मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं तिथे एकाच चुलीवरचं जेवत. स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं त्यांचंच. धान्यासाठी मुष्टिफंडाची पद्धत होती. घरच्या बाईने दळणातली मूठभर ज्वारी रोज बाजूला काढायची आणि मुलांनी ती गोळा करून आणायची. मूठभर धान्याने कुणाचं घर अडत नाही, आणि मुलाला भीक मागितल्यासारखंही वाटत नाही. माझ्या मते ही युक्ती फार मोलाची.

तरी कोठी रिकामी व्हायचीच. एकदा भाऊराव गावी नसताना धान्य संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडायला दिलं. बाकीचे दागिने आधीच गेले होते. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. १९३० मध्ये त्या गेल्या. पाठ्यपुस्तकात त्यांना दोन-चार ओळी मिळतात, हे मला खटकतं.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथे ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलं शेतात, बांधकामावर राबून आपला खर्च भागवत. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता आपल्या मुळशीकडे बघा. खोऱ्यातल्या वाड्यांवरून सकाळच्या एसटीने पौडला, पुण्याला कॉलेजला जाणारी पोरं बरेचदा चहावर निघतात. दुपारी डबा नसला की ‘भूक नाही’ म्हणतात. पालकांनो, हे घरी विचारून बघा. आपल्याकडे इंद्रायणी पिकतो, आंबेमोहोर पिकतो. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांनी वर्गागणिक एक डबा ठेवला, आठवड्याला मूठ-मूठ तांदूळ जमवला, तर कॉलेजच्या कँटीनमध्ये रोज एक पातेलं भात शिजेल. वाढायला मुलंच हवीत, आणि जेवणाऱ्याचं नाव लिहायची वही मात्र नको.